होडीवर पडदा हवा

छोट्या होडीवर जीपीएसचा पडदा नको, असं मी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत उभं राहून बोललो होतो. असली यंत्रं अनुदानातून घ्यायला सभासदांना मदत करावी का, असा तो विषय होता. माझं बोलणं बऱ्याच जणांना पटलं आणि विषय मागे पडला. आज माझं मत वेगळं आहे. तेव्हा जे चारचौघांत मांडलं ते बदललंय, हेही त्या चारचौघांना कळायला हवं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

माझी फायबरची पात, म्हणजे छोटी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. आम्ही दोघं-तिघं माणसं असतो. कांडाळी जाळी लावतो आणि समुद्र निवळला की खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागी, गरी घेऊन जातो. जो पडदा मी म्हणतोय तो हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, बोटाने सरकवायचा. त्यात दोन यंत्रं असतात. एक चार्टप्लॉटर: समुद्राच्या नकाशावर आपली होडी ठिपक्यासारखी दिसते, मागे आलेल्या वाटेची रेघ उमटत जाते आणि हवी ती जागा 'पॉइंट' म्हणून ठेवता येते. दुसरं फिशफाइंडर: होडीच्या मागच्या फळीला पाण्यात लावलेला सेन्सर खाली आवाज सोडतो, तळावरून आणि मधल्या मासळीवरून परत आलेला आवाज पकडतो आणि त्याचं चित्र काढतो. आमच्या बंदरात या दोन्हींना मिळून 'जीपीएस'च म्हणतात.

नको म्हणण्यामागे माझी दोन कारणं होती.

पहिलं मासळीचं. मासे शोधायची ताकद ज्यांच्या हाती आली त्यांनी समुद्राचं काय केलं, हे मालवणच्या माणसाला सांगावं लागत नाही. पर्ससीनच्या बोटींवर आडव्या दिशेने मैलभर पाणी चाचपणारे सोनार आले. मग जनरेटरवर एलईडीचे दिवे आले. दिव्याखाली मासळी गोळा करायची आणि भोवती जाळं फिरवायचं. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला काय उरलं, ते त्यांच्या टोपलीत दिसत होतं. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर कालावधीची आणि क्षेत्राची बंधनं घातली. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसायचीच. शोधायची ताकद वाढली म्हणून मासळी वाढत नाही, ती लवकर संपते, असं मी सभेत म्हणालो होतो. ते म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

दुसरं कारण होतं बाबा. त्यांनी जन्मभर खडपं शोधली ती किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून. आमच्या घरच्या एका खडपाची एक रेघ किल्ल्याच्या बुरुजावरून मागच्या डोंगरातल्या खिंडीत जाते. दुसरी उत्तरेकडच्या टोकावरच्या एका उंच माडावरून मागच्या टेकडीच्या उतारावर. दोन्ही एकदम जुळल्या की खाली खडप. मग खात्रीसाठी शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायची, वर घेताना हात पसरून वाव मोजायचे. गोळ्याच्या बुडाच्या खळग्यात ग्रीस भरलेलं असायचं. त्याला काळा चिखल चिकटून आला की पुढे चला, शिंपल्यांचा चुरा आला की जवळ आलो, काहीच चिकटलं नाही आणि ग्रीसवर ओरखडा असला की पोचलो. हे शिकायला बाबांना त्यांच्या वडिलांच्या शिव्या खाव्या लागल्या, मला त्यांच्या. एवढं ज्याच्या डोक्यात आहे त्याच्यासमोर विकत आणलेला पडदा मांडायचा, हे मला सहन होत नव्हतं.

माझ्या या मतावर पहिला विचार करायला लागला तो २०१७ च्या डिसेंबरात. ओखी वादळाने केरळ आणि तामिळनाडूची शेकडो माणसं समुद्रात गेली. त्याच वादळातून निसटलेल्या तिकडच्या साठाहून अधिक बोटी, नऊशेवर माणसं घेऊन, आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगड बंदरात त्यांची दाटी झाली होती. आम्ही काही जण तांदूळ आणि कपडे घेऊन मदतीला गेलो. एका बोटीच्या तांडेलाशी बोलायचा प्रयत्न केला. त्याला मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हतं, दोघांची हिंदी बेताची. शेवटी त्याने मला केबिनमध्ये नेऊन पडदा दाखवला.

त्यावर त्यांच्या अख्ख्या सफरीचा माग होता. खाली दक्षिणेला रेघ एकाच भागात वेटोळी घेत होती, तिथे ते गरी सोडून मासे धरत होते. मग रेघ एकदम सुटते आणि उत्तरेला धावते. एका जागी ती वेडीवाकडी होऊन मागे वळते. तिथे बोट ठेवून त्याने पंजा आडवा हलवला, इंजिन बंद पडलं होतं. पुढे बरंच अंतर रेघ लाटांबरोबर वाहत गेलेली दिसते, पुन्हा सरळ होते आणि देवगडच्या खाडीच्या तोंडाशी येऊन थांबते. या बंदरात तो माणूस जन्मात आला नव्हता. आमचा किनारा तोंडाशी खडकाळ. अनोळखी तांडेलाने त्या हवेत नुसत्या अंदाजाने आत शिरणं म्हणजे बोट फोडून घेणं.

'फयान' वादळाने २००९ च्या नोव्हेंबरात आमच्या कोकणालाही हेच दाखवलं होतं. हवा बिघडते तेव्हा किनारा दिसत नाही आणि किनारा दिसला नाही की बाबांच्या खुणाही दिसत नाहीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी मनाला समजावलं, की त्या खोल समुद्रात पंधरा-पंधरा दिवस राहणाऱ्या मोठ्या बोटी आहेत, आपण पहाटे जाऊन दुपारी परतणारी माणसं, आपल्याला काय करायचंय. सभेतलं माझं भाषण ओखीनंतरचं आहे.

मत फिरवलं ते एका तक्रारअर्जाने.

आम्ही तळाला लावलेली कांडाळी एका रात्री ट्रॉलरने फाडून नेली. सकाळी गेलो तेव्हा एका टोकाचा बोया होता, दुसऱ्या टोकाचा नव्हता, मधली जाळी नव्हती. जाळ्याचा शिल्लक राहिलेला तुकडा हातात धरला की कळतं, दगडात अडकून फाटलेलं जाळं वेगळं आणि ओढून तुटलेलं वेगळं. वरची दोरी ताणून ताणून बारीक झालेली होती. जिथे जाळं लावलं होतं तिथे ट्रॉलरला जाळं ओढायलाच बंदी आहे. आम्ही तक्रार केली. समोरच्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जागा कुठली? अक्षांश-रेखांश सांगा."

मी सांगितलं: बुरूज आणि खिंड एका रेषेत धरून बारा वाव पाण्यात. त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. लिहिणार काय? पुढे सुनावणीला दुसऱ्या बाजूने त्यांच्या प्लॉटरवरचा माग दाखवला. त्यात त्यांची बोट हद्दीच्या बाहेर होती. तो माग त्याच रात्रीचा होता का, तो पुरा होता का, हे विचारायचं तर माझ्या हातात माझा स्वतःचा माग हवा होता. माझ्याकडे होतं ते तोंडी बोलणं. माझं म्हणणं खरं होतं आणि ते कागदावर उतरेना.

त्या दिवसापासून मी मोजायला लागलो, की समुद्रावरचे किती नियम आकड्यांत आहेत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द. ट्रॉलरची बंदी अमुक खोलीच्या आत. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. त्याची रेघ पाण्यावर कुठे आहे, हे कितीतरी जणांना आजही नेमकं सांगता येत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे, ते मराठीतून कळवते. तेही दिशा, अंतर, खोली, अक्षांश, रेखांश अशा आकड्यांत. मदतीसाठी तटरक्षक दलाला फोन केला तर पहिला प्रश्न जागेचा. २०२५ च्या जानेवारीपासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली, तिथेही ड्रोन पाठवायचा कुठे, हे कोणीतरी सांगावं लागतं. सगळा कारभार आकड्यांचा, आणि ज्यांचा समुद्राशी सगळ्यात जास्त संबंध ते आम्ही डोंगर आणि माड सांगत बसलेले. मोठ्या बोटींकडे आकडे होते. म्हणून समुद्रात काय घडलं, याची नोंद त्यांची होत होती.

म्हणजे पडदा नाकारून मी मासळी वाचवत नव्हतो. ज्यांच्या हातून मासळी जात होती त्यांच्याकडे तो कधीचाच होता. नाकारून मी फक्त आमचं बोलणं बिनवजनाचं ठेवत होतो.

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, त्याआधी साध्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चकवा बसायचा. आता थोड्या मीटरांपर्यंत जागा कळते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. पडद्यावर मिनिटाचे तीन दशांश दिसतात, त्यातला शेवटचा आकडा जेमतेम दोन मीटरचा. म्हणजे थोड्या मीटरांच्या फरकाने माझ्या जाळ्याचं टोक मला सांगता येतं. आता जाळं सोडताना एका टोकाला पॉइंट, दुसऱ्या टोकाला पॉइंट आणि मधला माग जपून ठेवायचा, अशी शिस्त आहे. (वाहत्या जाळ्याला याचा उपयोग नाही. पाणी जाळं घेऊन जातं आणि पॉइंट मागे राहतो. तळाला बांधलेल्या जाळ्यासाठी मात्र हे पुराव्याचं काम करतं.)

असा मी पडदा घेतला, तो जागेसाठी. फिशफाइंडर त्याच्याबरोबर आला. आणि ज्या अर्ध्या भागाचा मला राग होता त्यानेच मला जास्त शिकवलं.

बंदरातली पोरं पडदा बघतात तेव्हा त्यांना वाटतं, होडीखालच्या समुद्राचा हा फोटो आहे. तसं नाही. आत्ता होडीखाली जे आहे ते फक्त उजव्या कडेला. बाकी सगळं डावीकडे सरकत गेलेला मघाचा काळ. होडी थांबलेली असेल आणि खाली एकच मासा स्थिर असेल, तरी पडद्यावर लांबलचक पट्टा उमटतो आणि बघणाऱ्याला वाटतं थवा आहे. चालत्या होडीखालून मासा जातो तेव्हा आधी तो आवाजाच्या कोनाच्या कडेला असतो, मग मध्ये येतो, मग पुन्हा कडेला जातो. अंतर आधी कमी, मग जास्त, म्हणून त्याची कमान उमटते. आवाज खाऱ्या पाण्यात सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. वीस वाव खोलीला खाली जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा विसावा भागही पुरतो. सेन्सरचा कोन वीस अंशांचा असेल तर त्या खोलीवर तो तळाचा बारा-तेरा मीटर रुंद गोल एकदम बघतो. त्या गोलात मासा डावीकडे आहे की उजवीकडे, हे तो सांगत नाही.

२०० किलोहर्ट्झचा आवाज कमी खोल पाण्यात बारीकसारीक दाखवतो, ५० चा खोल जातो पण ढोबळ बघतो. आमच्या पाण्याला २०० बरा. होडी मागे घेतली की पंख्याचे बुडबुडे सेन्सरखाली येतात आणि चित्र विस्कटतं. यंत्रात माशांची चित्रं काढणारी एक सोय असते. ती मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. शेवाळ, बुडबुडे, भोवऱ्यातला कचरा, सगळ्याला ते यंत्र मासा म्हणतं. कच्चं चित्र बघायची सवय लावली तरच काही कळतं.

मासा मुळात दिसतो तो बहुतेक त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मांस आणि पाणी आवाजाला जवळजवळ सारखंच. हवा मात्र आवाज जोरात परत फेकते. घोळ माशाचा जो बोत व्यापारी सोन्याच्या भावाने नेतात, तीच ही पिशवी. घोळ पडद्यावर ठसठशीत दिसते. मोरीला पिशवी नाही, कोळंबीला नाही, म्हाकुलाला नाही. ती असतात आणि पडदा फिका राहतो. १९४८ साली जपानमध्ये नागासाकीच्या बाजूला फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी उपयोगी पडेल असं हे यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं. तेव्हापासून आजवर पडदे रंगीत झाले, पण ही मूळ गोष्ट बदललेली नाही.

बाबांना मी आग्रहाने बरोबर नेलं. ते पुढे नाळीवर बसले, पडद्याकडे पाठ करून. किल्ला मागे टाकून आम्ही हळूहळू जात होतो. पडद्यावर तळाची रेघ बारीक, मऊ, खाली पुसट झालेली. बाबा तोंड न वळवता म्हणाले, "हय चिखल. आता खडप येतला बघ." थोड्या वेळाने रेघ जाड झाली, पिवळी झाली, वर चढायला लागली आणि तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी फिकी रेघ उमटली. तळ कठीण असला की आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. ती दुसरी रेघ म्हणजे दगडाची सही. बाबांना पडदा न बघता जे कळलं होतं ते मी पडद्यावर बघत होतो. मग ते उठून माझ्याजवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या रेघेबद्दल त्यांनी मला दोनदा विचारलं.

खडपाच्या माथ्यावर दोन-तीन कमानी दिसत होत्या. मी तिथे गरी सोडणार होतो. बाबा म्हणाले, "थय नको. पाण्याची ओढ बघ." त्यांनी होडी ओढीच्या वरच्या बाजूला, खडपाच्या कडेला घ्यायला लावली. पडद्यावर तिथे काहीच नव्हतं. गरीला तांबोशी लागली. त्याचं कारण मला पुढे कळलं. सेन्सरच्या कोनात तळाचा जो भाग सगळ्यात वर असतो तोच आधी आवाज परत पाठवतो, त्यामुळे उताराला चिकटून किंवा कपारीत बसलेला मासा तळाच्या रेघेतच लपून जातो. उभ्या कड्याच्या बाजूचा बराचसा पट्टा यंत्राला दिसतच नाही. नेमकी तांबोशी आणि हेकरू तिथेच असतात. तिथे काय आहे, हे अजूनही पाण्याची ओढ, भांगाची भरती की उधाणाची, पाण्याचा रंग यांवरूनच ओळखावं लागतं.

त्या खडपाची दुसरी रेघ ज्या माडावरून जायची तो माड तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, उन्मळून पडला. मागच्या टेकडीच्या उतारावर आता इमारत आहे. कितीतरी जुन्या खुणा अशा गेल्या: कुठे झाडं तोडली, कुठे हॉटेल उठलं, कुठे टॉवर. थंडीच्या दिवसांत सकाळी धुरकटीने डोंगर दिसत नाहीत ते वेगळंच. आणि बाबांची नजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण खिंडीतला फरक आता त्यांना दिसत नाही. आणखी काही वर्षांनी हे ठिकाण कोणालाच दाखवता आलं नसतं. मी पॉइंट ठेवला. बाबांनी त्यांच्या आठवणीतली आणखी ठिकाणं सांगितली, काही सापडली, काही नाहीत. प्रत्येक पॉइंटला त्यांनी सांगितलेलं नाव दिलं. पडद्यावर मराठी अक्षरं नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं. त्याची एक प्रत वहीत मराठीत आहे. यंत्र बुडतं, जळतं. वही घरी असते.

बाबांच्या विद्येचा अपमान होईल असं ज्याच्याबद्दल मी म्हणालो होतो, त्याच पडद्यात ती विद्या आता नोंदली जातेय. माझं मत पक्कं झालं ते इथे.

आता बोटाने चालवायच्या पडद्याबद्दल, कारण घेणारे बहुतेक तोच घेतात. दुकानात तो झकास चालतो. समुद्रात हात ओला असतो, हाताला माशाचा चिकट द्रव असतो, पडद्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब उडतात. थेंबालाही यंत्र बोट समजतं. नकाशा आपोआप सरकतो, पानं बदलतात. आणि खरंखुरं बोट लावलं तर कधी कधी दादच देत नाही. साध्या वेळी याचा नुसता त्रास होतो. पण पडद्यावर एक खूण असते, माणूस पाण्यात पडला की दाबायची. ती दाबली की त्या क्षणाची जागा पक्की होते आणि परत तिथे जायची दिशा दिसते. वाऱ्याच्या लाटांत माणसाचं डोकं थोड्या अंतरावरही दिसेनासं होतं, त्यामुळे या एका खुणेचं मोल सगळ्या यंत्राएवढं आहे. ती ओल्या, थरथरत्या बोटाने पहिल्या झटक्यात दाबली गेलीच पाहिजे. म्हणून माझा सल्ला आहे: पडद्याबरोबर कडेला खरी बटणंही असलेलं यंत्र घ्या, आणि होडीवरच्या प्रत्येक माणसाने, ज्याला वाचता येत नाही त्यानेसुद्धा, ती खूण दाबायचा सराव केलेला असू द्या. परतल्यावर पडदा कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने भिजवलेलं मऊ कापड फिरवा. बॅटरीच्या जोडणीला ग्रीस लावा. आमच्याकडे यंत्रं बिघडतात ती बहुतेक वायरीच्या टोकाला हिरवट गंज चढून.

नकाशाबद्दलही सावध राहा. भारताचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे. ते जहाजांची गरज बघून केलेले असतात. यंत्रात विकत मिळणारे नकाशे बऱ्याचदा अशाच सर्वेक्षणांवर बेतलेले. देवबागजवळ कर्ली नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. पडद्यावर तो मागच्या कुठल्यातरी वर्षीच्या जागी आहे. बोटांनी ताणून नकाशा मोठा करता येतो, पण मोठं केल्याने त्यात नवी माहिती येत नाही. चार चौरस मैलांत एकच खोली मोजलेली असेल तर कितीही ताणा, एकच आकडा. खाडीत शिरताना डोळे पाण्यावर हवेत.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. खडपाच्या जागा पूर्वी घरातच राहायच्या. शेजाऱ्याला कळलं तरी नेमकं कळायचं नाही, कारण खुणा जुळवायला वर्षं लागायची. आता एका मेमरी कार्डावर अख्ख्या घराण्याचं ज्ञान दुसऱ्याच्या यंत्रात जातं, आणि पैशांसाठी ते विकणारेही निघाले आहेत. हेकरूसारखा मासा वर्षानुवर्षं एकाच खडपाला धरून राहतो, सावकाश वाढतो. त्या जागेवर चार होड्या रोज गेल्या तर ते खडप काही हंगामांत ओकं पडेल. इथे माझं पहिलं कारण जिवंत आहे. मी माझ्यापुरतं ठरवलंय: खडपावर लागोपाठ जायचं नाही, अंड्यांनी भरलेला हेकरू जिवंत असला तर सोडायचा, पॉइंट कोणाला द्यायचे नाहीत. पण एकट्याच्या ठरवण्याने हे भागणारं नाही. गावाने मिळून काही ठरवावं लागेल, आणि तसं ठरवलं तर मीही ते पाळीन.

धोक्याच्या जागांचं मात्र उलटं. बुडालेली बोट, जाळं अडकवणारा सांगाडा, खाडीच्या तोंडाचा बदललेला दांडा, ओहोटीला वर येणारा दगड, हे पॉइंट सगळ्यांच्या यंत्रात असायला हवेत. ते लपवणं हा गुन्हा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळी, मासेमारी बोटींसाठी उपग्रहाला जोडलेल्या ट्रान्सपाँडरची देशभराची योजना सुरू केली. एक लाख बोटींना ते बसवायचं ठरलं. वादळाची सूचना आणि मदतीची हाक यांसाठी ते हवंच. पण त्यात तळ दिसत नाही, आणि आपल्या जाळ्याचा माग आपल्या हातात राहत नाही. त्याच्यावर भागवून प्लॉटरचा विषय बंद करू नये.

सोसायटीला माझी विनंती आहे, की तो मागे पडलेला विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा. अनुदान मागताना चार अटी आपणच घालाव्यात: पडद्यावर मराठी, कडेला बटणं, यंत्राबरोबर दोन दिवसांचं समुद्रातलं शिक्षण, आणि छोट्या होड्यांना पहिला हक्क. तक्रारीबरोबर जोडायच्या मागाचा एक ठरीव नमुना मत्स्यव्यवसाय विभागाशी बोलून करून घ्यावा. तसा कच्चा नमुना मी तयार केलाय, सभेत ठेवीन.

आणि ज्यांच्या घरी बाबांच्या वयाचा तांडेल आहे त्यांना एक सांगणं. ऑक्टोबरात हवा निवळली की एक दिवस त्यांना होडीत बसवून न्या, ते सांगतील तिथे थांबा आणि पॉइंट ठेवा. यंत्र नसेल तर माझी पात आणि माझा पडदा आहे. आदल्या संध्याकाळी येऊन सांगा, जे पॉइंट निघतील ते तुमच्या वहीत लिहून देईन आणि माझ्या यंत्रातून पुसून टाकीन.